कडुबानं नाकारलेला गणू

कडुबा हिवराळेला नकला करायला कुणी शिकवलं, असं विचारलं की तो बापाचं नाव सांगायचा. बाप धोंडिबा, फर्दापूरचा. अजिंठ्याच्या लेण्यांत ज्यांच्यानं पायऱ्या चढवत नाहीत त्यांना खुर्चीत बसवायचं, खुर्चीच्या दांड्या खांद्यावर घ्यायच्या अन् चौघांनी मिळून वर न्यायचं, हे त्याचं काम. तीस वर्षं त्यानं माणसं वाहिली. पण घरी आला की भाकरीला हात लावायच्या आधी त्या दिवशीचं गिऱ्हाईक करून दाखवायचा. कुणी सगळी वाट नाकाला रुमाल लावून बसलेलं, कुणी प्रत्येक वळणावर डोळे मिटून कुलदैवताचा धावा करणारं. एक प्राध्यापक तर पहिल्या लेण्यापासून शेवटच्यापर्यंत बुद्धाची करुणा समजावून सांगत गेले. तेही चार बौद्धांच्या खांद्यावर बसून. धोंडिबा ती नक्कल करायला लागला की आख्खी गल्ली हसून लोळायची.

"खुर्ची उचलतो आपण," तो म्हणायचा, "माणूस नाय. उचलावा असा माणूस अजून बसलाच नाय कुणी."

कडुबाला बापाकडून जमीन मिळाली नाही, ही नजर मिळाली. पंच्याऐंशी साली तो औरंगाबादला आला अन् पाणीपुरवठ्यात रोजंदारीवर लागला. पुढं कायम झाला. लाइनमन. लोखंडाची लांब चावी सायकलला बांधून फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, वॉल्व्ह फिरवायचा; इकडच्या गल्लीचं पाणी बंद, तिकडच्या गल्लीचं चालू. मुकुंदवाडीत दोन खोल्यांचं घर, बायको सरूबाई, एकुलती मुलगी मेघा. अन् ड्यूटी संपली की नाटक.

नाटकाचं मंडळ मधुसूदन पाठकांचं होतं. पाठक विमा कंपनीतले अधिकारी, पुढं निवृत्त झालेले. सिडकोत बंगला, आवाज भरदार, अन् नायकाची भूमिका वयाच्या अठ्ठावन्नापर्यंत स्वतःकडे. वीस वर्षं कडुबा त्यांच्या मंडळात होता अन् वीस वर्षं त्यानं पोलीस केला, हमाल केला, वेटर केला, एकदा तर दोन अंक चादरीखाली नुसतं प्रेत होऊन पडला. "कडुबा, तुझा चेहरा काय अस्सल आहे रे!" पाठक म्हणायचे अन् पुन्हा दार उघडायचं काम द्यायचे.

मग मंडळात चिन्मय नावाचा कॉलेजातला पोरगा आला. त्यानं एका पोस्टमनवर नाटक लिहिलं अन् हट्टानं कडुबाला मुख्य भूमिकेत उभं केलं. राज्य नाट्य स्पर्धेत कडुबाला अभिनयाचं रौप्यपदक मिळालं. सत्काराच्या दिवशी पाठक माइक धरून म्हणाले, "हिवराळेंना आम्ही घडवलं." कडुबा शेजारीच उभा होता. घरी आल्यावर सरूबाईला म्हणाला, "घडवलं म्हणे. वीस वर्षं कडी काढायला लावली, ती घडवणूक."

त्यानंतर दुष्काळाची वर्षं आली. दोन हजार पंधराचा पावसाळा असा गेला की जायकवाडीत गाळ दिसायला लागला. पाऊस नव्हता, पण शहर मात्र चारी अंगांनी सुजत चाललं होतं. बायपासच्या पलीकडं, ज्या माळावर कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं, तिथं सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या अन् त्यांना तळ्यांची, झऱ्यांची नावं दिली गेली. त्या नावांच्या पाट्या वाचताना कडुबा सायकल थांबवून थुंकायचा. नळ आधी चौथ्या दिवशी, मग सहाव्या दिवशी, मग आठव्या दिवशी यायला लागला.

अन् कडुबाचा भाव वधारला. एरवी 'ए कडुबा' म्हणणारे 'हिवराळेसाहेब' म्हणायला लागले. प्राध्यापक, डॉक्टर, इंजिनिअर पाण्याच्या टाकीच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. "साहेब, पंधरा मिनिटं जास्त सोडा ना. घरात पेशंट आहे." दर घरात पेशंट होता. कडुबा यादीप्रमाणं पाणी सोडायचा, कुणाला मिनिटभरही जास्त नाही, म्हणून सगळे त्याच्यावर नाराज होते. पण तो बघून ठेवायचा. जन्मात जो वाकलेला नाही तो नुसता मानेतून वाकतो, कंबर ताठच राहते. ज्यानं साहेबांपुढं नोकरी काढली तो खांद्यांतून वाकतो. पाठकांना तर हात जोडायचेही ठाऊक नव्हते. ते एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरायचे, जणू तो हात आपला नव्हेच. हसू मात्र ओठांवर आणायचे अन् डोळे टाकीकडे.

"सगळं शहर माझ्यापुढं नाटक करायलंय," कडुबा सरूबाईला म्हणायचा, "आन एकालाबी येत नाय."

त्याच उन्हाळ्यात चिन्मयचा मुंबईहून फोन आला. तो आता मालिकांसाठी नट शोधून द्यायचं काम करत होता.

"काका, मोठी गोष्ट आहे. नवी मालिका येतेय. साखर कारखानदाराचं घराणं, मोठा बंगला. त्या घरात चाळीस वर्षांपासूनचा नोकर आहे, गणू. रोजच्या भागात आहे. तीन वर्षं तरी चालणार. मी तुमची पोस्टमनची चित्रफीत दाखवली, त्यांना दुसरं कुणी नकोच आहे."

फोन स्पीकरवर होता. मेघा उडालीच. तिचं एम.एस्सी. होत आलं होतं, पुढं पुण्याला जायचं तिच्या मनात होतं. सरूबाईनं देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या कोपऱ्यातल्या बुद्ध अन् बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्ती लावली. पैसे त्याच्या पगाराच्या कितीतरी पट होते. कडुबालाही आनंद झाला, खोटं कशाला सांगा. बावन्न वर्षं वय, अन् पहिल्यांदा कुणी आपणहून बोलावलं होतं.

बातमी दोन दिवसांत वॉर्डभर झाली. त्यानं काही सही करायच्या आतच चौकात फ्लेक्स लागला. 'आमच्या वॉर्डाचे भूषण', कडुबाचा फोटो अंगठ्याएवढा, अन् शुभेच्छा देणाऱ्या अकरा जणांचे फोटो परातीएवढे.

रजा टाकून तो सकाळच्या जनशताब्दीनं निघाला. दोन दिवस चाचणीचं चित्रीकरण होतं, ठाण्याच्या बाहेरच्या एका स्टुडिओत. बंगला प्लायवुडचा होता. दिग्दर्शक मिहिर तिशीतला, बोलायला गोड, पायात स्लिपर. त्यानं कडुबाला धोतर, बंडी अन् खांद्यावर टाकायला पंचा दिला आणि संवादांचा कागद हातात ठेवला.

कडुबानं वाचलं. 'व्हय जी मालक.' 'लई बेस झालं बगा धनी.' 'म्या गरिबाचं काय खरं न्हाय जी.'

"साहेब," तो म्हणाला, "हे कुठलं बोलणं हाय?"

"म्हणजे?"

"धनी तर बाई नवऱ्याला म्हणती. मी मालकाला कसा म्हणू? आन हा गणू कुठला? आमच्याकडचा, का कोल्हापूरकडचा, का नागपूरकडचा?"

मिहिर हसला. "काका, इतकं नाही हो. जनरल गावठी."

कडुबा तो शब्द तोंडात घोळवत राहिला. बावन्न वर्षांत त्यानं फर्दापूरचं बोलणं ऐकलं, खुलताबादच्या फूलवाल्यांचं ऐकलं, पैठण रोडच्या कारखान्यांत आलेल्या परजिल्ह्यांतल्या मजुरांचं ऐकलं. जनरल गाव कुठंच भेटलं नव्हतं.

"बरं, हा गणू झोपतो कुठं?"

"अं?"

"चाळीस वर्षं ह्या बंगल्यात हाय ना? झोपत आसंल, जेवत आसंल. बायको हाय का? मेली का? लेकरं?"

मिहिरनं मान वळवून लेखिकेकडं बघितलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरगी, मांडीवर लॅपटॉप. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "ते काही ठरलं नाहीये. गरज पडली तर ठरवू." अन् मोठ्या उत्साहानं पुढं म्हणाली, "तो एकदम निष्ठावंत आहे."

पहिला दिवस ट्रे नेण्यात गेला. ट्रे न्यायचा, ठेवायचा, भिंतीशी उभं राहायचं. पुढं कोचावर घरातली माणसं मालमत्तेवरून भांडायची अन् मागं कडुबा धूसर दिसायचा. दोनदा तो दमून स्टुलावर टेकला तर कुणीतरी ओरडलं, "काका, फ्रेममध्ये आहात, उठा." बंगल्यातली विशीची पोरगी त्याला "ए गण्या" म्हणत होती. कॅमेरा थांबला की तीच पोरगी "सॉरी हं काका" म्हणायची, अन् पुन्हा कॅमेरा चालू झाला की "ए गण्या".

दुसऱ्या दिवशी मुख्य प्रसंग होता. घरातला दागिना हरवतो. धाकटा मालक गणूवर आळ घेतो अन् त्याच्या कानशिलात लगावतो. मग दागिना सोफ्यात सापडतो. मालक खाली मान घालतो. अन् गणू काय करतो? गणू पुढं होऊन त्याचेच पाय धरतो अन् म्हणतो, 'माझंच चुकलं मालक, म्या तुमाला राग आनला.'

"हे उलटं झालंय," कडुबा म्हणाला. "पाय ह्यानं धरायचे का त्यानं?"

"तेच तर काका! प्रेक्षक ढसाढसा रडणार."

"मी काय म्हणतो, पाय नाय धरत. नुसता ट्रे उचलून आत जातो. बघत बी नाय त्याच्याकडं. लई भारी होईल."

मिहिरनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं. "छान आहे. पण नाटकात. इथं आपण पाय धरू या."

कडुबा तीस वर्षं मुरलेला नट होता. कॅमेरा चालू झाला अन् अंगानं आपलं काम केलं. गालावर चापट बसली, तो भेलकांडला, दागिना सापडला, अन् पुढं होताना त्याच्या एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. ओठांवर हसू आलं, डोळे भलतीकडेच राहिले. मग तो खाली बसला अन् त्यानं त्या चिकण्या पोराचे बूट धरले.

लेखिकेनं चष्मा काढून डोळे पुसले. दिवे धरणाऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मिहिर धावत आला. "काका! काय केलंत हे! हेच, अगदी हेच मला रोज पाहिजे!"

कडुबा अजून जमिनीवरच होता. मंडळी रडत होती ती पाठकांच्या लाचारीवर, हे त्याच्या ध्यानात आलं. पाणी मागायला आलेल्या निवृत्त अधिकाऱ्याचं सोंग त्यानं गणूच्या अंगावर चढवलं होतं अन् ह्या शहाण्यांना ते निष्ठा वाटलं. त्याला आतून शिसारी आली. त्यांची तर आलीच, पण ते इतकं सहज जमलं म्हणून स्वतःचीही.

उठता उठता त्यानं विचारलं, "साहेब, हा गणू कधी उलटून बोलतो का? वर्षानं, दोन वर्षांनी?"

"नाही हो. तोच तर त्याचा यूएसपी आहे."

संध्याकाळी चिन्मय कराराचे कागद घेऊन आला. दोघं स्टुडिओबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे होते. कडुबानं कागद हातातही घेतले नाहीत.

"नको रे बाबा."

"काका, वेड लागलंय का? तुम्ही भिकारी केलाय, हमाल केलाय. नोकर केल्यानं काय कमीपणा येतो?"

"नोकराचं नाय. मी जो भिकारी केला त्याला भूक होती. हमालाला राग होता, दारू होती, घरी पोरगी होती. ह्याला काय हाय? टेबल-खुर्च्या हायेत ना बंगल्यात, तसा हा. फक्त टेबलाला कुणी मारत नाय." त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "आन दुसरं आइक. नाटकात मी वाकलो तर पडदा पडला की सरळ होतो. इथं पडदाच नाय. तीन वर्षं रोज बारा-बारा तास वाकायचं म्हणजे ती नक्कल नाय राहत, अंगात बसती. माझ्या बापाच्या खांद्यावर दांडीनं आवाळू आलं व्हतं. डोली सोडून पंधरा वर्षं झाली तरी ते गेलं नाय. त्याच्यासंगं सरणावरच गेलं."

चिन्मयनं कागद मिटून पिशवीत घातले.

"आज मला ते येत नसतं ना," कडुबा म्हणाला, "तर एखादेवेळेस केलं बी असतं. लई चांगलं यायलंय, हेच वंगाळ हाय."

घरी परतल्यावर चौकातला फ्लेक्स तसाच होता. त्यानं स्वतः शिडी आणून तो उतरवला. अकरा जणांपैकी तिघं भांडायला आले. त्यांना कडुबाशी देणंघेणं नव्हतं, स्वतःचे फोटो उतरवल्याचा राग होता.

सरूबाईनं एवढंच विचारलं, "ठरवून आलात का?" "व्हय." मग ती भाकरी थापायला बसली. पण मेघा बोलली.

"बाबा, तुम्हाला सगळे हलकेच दिसतात. पाठक हलके, मुंबईवाले हलके, फ्लॅटवाले हलके. आमचं काय? पुण्याला मी नाही जाणार आता, तर त्याचा तुम्हाला राग येणार का माझी कीव येणार? आजोबांनी खांदा दिला म्हणून तुम्ही शिकलात ना?"

पाठकांसाठी कडुबाकडं शंभर उत्तरं होती, मुलीसाठी एक नव्हतं. दोन दिवस तो ड्यूटीवरून उशिरा घरी आला. मेघानं पुण्याचा नाद सोडला अन् शहरातच शिकवण्या धरल्या. त्यानं तो कमीपणा गिळला. निर्णय मात्र फिरवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाठक टाकीवर आले. फाटकाशीच उभे राहून म्हणाले, "कडुबा, अरे, असली संधी लाथाडतात का? तुम्हा लोकांचा हाच प्रॉब्लेम आहे. जरा कुणी वर न्यायला गेलं की..."

"कोणत्या लोकांचा, सर?"

पाठकांनी वाक्य बदललं. "म्हणजे... महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचा."

"हां, मंग बरोबर हाय," कडुबा म्हणाला. "आमच्या पाणीपुरवठ्यात लई गर्व भरलाय."

पाठकांनी मग एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं. "बरं, ते जाऊ दे. उद्या आमच्या लाइनीचं किती वाजता?"

"यादीत लिहिलंय," कडुबा म्हणाला अन् सायकलवर टांग टाकून निघून गेला.

गणू दुसऱ्याला मिळाला. बद्रीनाथ नावाचा वऱ्हाडातला नट होता. मालिका तीन नव्हे, चार वर्षं चालली. अन् सरूबाई ती रोज बघायची, नवऱ्यासमोर बसून. कडुबा पाठ करून बसायचा, पण कान तिकडंच.

"अजून उभाच हाय का?" तो विचारायचा.

"गप बसा, आइकू द्या."

"पाचशे भाग झाले, त्याला कुणी चहा विचारला नाय. बंगल्यात कुत्रं आणलं तर त्याला नाव ठेवायचा समारंभ केला यांनी. आन तू बघायलीस."

सरूबाई एकदा चिडून म्हणाली, "मला बी कळतंय खोटं हाय. दिवसभर नळाच्या रांगेत खरंच बघते ना मी? अर्धा घंटा खोटं बघितलं तर तुमचं काय जातंय?" त्यावर तो उठून बाहेर ओट्यावर गेला.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात बद्रीनाथ शहरात आला. कॅनॉट भागात साड्यांच्या एका दुकानाचं उद्घाटन होतं. पुन्हा दुष्काळच होता. कडुबा त्याच रस्त्यावर एक गळती बघायला गेला होता. गर्दीनं रस्ता तुंबला. बद्रीनाथ गाडीतून उतरला, अंगात चांगला कोट, अन् गर्दीतून आरोळ्या उठल्या. "ए गण्या! गण्या, पाणी आण!" चांगली शिकलेली, पगारदार माणसं. खांद्यावर बसवलेल्या लेकरांकडूनही ओरडून घेत होती. बद्रीनाथ हसला, अन् कोटातच वाकून, हात जोडून म्हणाला, "आनतो जी मालक." लोक बेभान झाले.

पुढं तो दुकानामागच्या बोळात सिगारेट ओढायला आला तेव्हा कडुबा तिथंच झाकण उघडून बसला होता.

"इथं उभं राहिलं तर चालंल ना, दादा?" बद्रीनाथनं विचारलं.

"राहा की. बसा." कडुबानं आपल्या पिशवीवरचं पोतं झटकून कट्ट्यावर टाकलं.

बद्रीनाथ बसला. कमरेवर हात ठेवून त्यानं लांब श्वास सोडला. त्याच्या दोन पोरींची शिक्षणं ह्या कामावर झाली, एकीचं लग्न झालं, गावाकडं भावाला विहीर करून दिली, असं तो आपणहून सांगत होता. "लोक मात्र नावानं ओळखत नाहीत," तो म्हणाला. "भाजीवालासुद्धा गण्या म्हणतो."

कडुबाच्या जिभेवर तीन वर्षं साठवलेलं बरंच काही होतं. त्या कोटाकडं, त्या थकलेल्या हातांकडं बघून त्यानं ते ह्या माणसावर खर्च केलं नाही. ही भूमिका आधी कुणाला विचारली होती, हेही सांगितलं नाही. बोळाच्या तोंडाशी लोक मोबाइल उंच धरून वाट बघत उभे होते. कडुबानं चावी उचलली, तिकडं गेला अन् गळतीचं गढूळ पाणी त्यांच्या चपलांपर्यंत येईल अशा बेतानं त्याचा पाट वळवून दिला.

"रस्ता मोकळा करा, साहेब," तो आदबीनं म्हणाला. "काम चालू हाय."

दोन वर्षांनी तो निवृत्त झाला. मेघाला तोवर चितेगावच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. बापाशी तिचं बोलणं पूर्वीसारखं झालं, पण त्या गोष्टीबद्दल दोघंही बोलत नाहीत. शहराचं नाव बदललं, नळ अजूनही रोज येत नाही. कडुबानं पाणीपुरवठ्यातल्याच आठ जणांना घेऊन स्वतःचं मंडळ काढलं अन् राज्य स्पर्धेत नाटक उतरवलं. सहावा नंबर आला. परीक्षकांनी कागदावर लिहून दिलं की प्रयोग दहा मिनिटं लांबला, पात्रांच्या कौटुंबिक तपशिलांना कात्री लावावी.

कडुबानं तो कागद सगळ्यांपुढं परीक्षकांच्याच आवाजात वाचून दाखवला. आठही जण हसून हसून खाली बसले. मग त्यानं कागदाची घडी घातली अन् म्हणाला, "एक ओळ बी काढायची नाय. सोमवारी सहाला तालीम. उशिरा आला त्याला प्रेताचं काम."